ट्रायसिकलचं तिसरं चाक: नीटच्या वर्गांत जीवशास्त्र शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर, पुणे आणि जिथे जिथे बारावीची पोरं डोळे चोळत सकाळच्या टेस्टला बसतात, तिथले जीवशास्त्राचे सगळे शिक्षक

सर आणि मॅडम,

एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात सूक्ष्मजीव आणि मानवी कल्याण हे प्रकरण आहे. त्यात सायक्लोस्पोरिन ए या औषधाच्या वाट्याला एकच वाक्य आलंय. अवयव-प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांना देतात, प्रतिकारशक्ती दाबतं, ट्रायकोडर्मा पॉलीस्पोरम या बुरशीपासून मिळतं. बस. लगेच पुढे स्टॅटिन आणि मोनॅस्कस परप्युरियस. ‘जोड्या लावा’ला याहून सोयीची जागा अख्ख्या पुस्तकात नसेल. आणि आपण ती कशी शिकवतो हे मी आपल्याला सांगायला नको. ट्रायकोडर्माचा ट्राय, सायक्लोस्पोरिनचं सायकल, झाली ट्रायसिकल! पोरं हसतात, वहीत लिहितात, चार गुण खिशात. मीही हेच केलं. फळ्यावर तीन चाकांची सायकल काढून केलं, आणि ती बऱ्यापैकी काढायचो.

फक्त चाकांना नावं दोनच द्यायचो. एक बुरशी, एक औषध. तिसऱ्या चाकाला नाव नव्हतं, आणि कुठल्या पोरानं ते विचारलंही नाही. विचारलं ते माझ्या धाकट्या बहिणीनं.

तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. २००९ मध्ये आईनं तिला स्वतःचं एक दिलं. तेव्हा नीट नव्हती, एआयपीएमटी होती, आणि मी त्याच परीक्षेची पोरं तयार करत होतो. बहीण ब्लाउज शिवते. शिक्षण दहावीपर्यंत, पण नजर अशी की कापड हातात घेतल्यावर ते धुतल्यावर किती आटेल हे सांगते. ऑपरेशननंतर घरी आली, तेव्हा सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी एक मऊ कॅप्सूल घ्यायची होती. पाकीट फाडलं की एक उग्र वास यायचा. एक दिवस ती कॅप्सूल तळहातावर घेऊन म्हणाली, “दादा, तू हेच शिकवतोस ना? मग ही पोटात जाऊन करते तरी काय?”

मी म्हटलं, “इम्युनोसप्रेसंट आहे. प्रतिकारशक्ती दाबते.”

“ते डॉक्टरपण म्हणाले. दाबते म्हणजे कुणाला धरते?”

मला बुरशीचं नाव येत होतं. कुणाला धरते ते येत नव्हतं. मी काहीतरी गोलमाल बोललो आणि तिनं ते ओळखलं, कारण ती पुढे काही विचारायची थांबली. वर्गात न येणारं उत्तर टोलवायची आपल्याला सवय असते. घरच्या माणसासमोर तीच सवय फार उघडी पडते.

ती कॅप्सूल ज्याला धरते, त्याचं नाव सायक्लोफिलिन. हे पत्र त्या चाकाबद्दल आहे.

आधी बुरशीचं निस्तरून टाकू. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या सँडोझ या औषध कंपनीचा शिरस्ता होता, की सुट्टीवर किंवा कामानिमित्त बाहेरगावी गेलेल्या माणसानं येताना तिथली चिमूटभर माती पिशवीत घालून आणायची. नवी प्रतिजैविकं सापडतील ही आशा. १९६९ मध्ये नॉर्वेतल्या हार्डांगरविडा या उजाड, थंड पठारावरून अशीच एक पिशवी आली. तिच्यातल्या बुरशीला प्रथम ट्रायकोडर्मा पॉलीस्पोरम म्हटलं गेलं. पण ती ट्रायकोडर्मा नव्हती. वर्गीकरणाच्या जाणकारांनी पुढे तिला टॉलिपोक्लेडियम इन्फ्लेटम ठरवलं, आणि आज जगभर तिला याच नावानं ओळखतात. म्हणजे आपण ज्या नावाला चार गुण देतो, ते शास्त्रज्ञांनी केव्हाच सोडून दिलंय. परीक्षेत मुलांना पुस्तकातलंच लिहू द्या, त्यांचे गुण घालवायचे नाहीत. पण वर्गात खरं नाव एकदा तरी उच्चारा.

आणि उसाच्या पट्ट्यातली पोरं समोर असतील तर हेही सांगा. १९९६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की हीच बुरशी आपल्या आयुष्याच्या दुसऱ्या रूपात कॉर्डिसेप्सच्या कुळातली असते आणि भुंग्यांच्या अळ्यांवर वाढते. कुठल्या भुंग्यांच्या? ज्यांच्या अळीला आपण हुमणी म्हणतो, त्यांच्याच जातभाईंच्या. हुमणी म्हटल्यावर शेवटच्या बाकावरचं पोरगंही मान वर करतं. माझा अनुभव आहे.

प्रतिजैविक म्हणून ते द्रव्य फारसं कामाचं निघालं नाही. प्रतिकारशक्ती दाबायचा त्याचा गुण सँडोझमध्ये १९७२ च्या जानेवारीत दिसला. त्याचं श्रेय तिथल्या दोन शास्त्रज्ञांपैकी बोरेलचं की श्टेहेलिनचं, यावर पुढे बरीच तणातणी झाली, ती आपल्या कामाची नाही. १९७८ मध्ये केंब्रिजला शल्यविशारद रॉय कॅल्न यांनी ते मूत्रपिंडाच्या रुग्णांना देऊन पाहिलं आणि १९८३ मध्ये अमेरिकेत त्याला परवाना मिळाला. ११ अमिनो आम्लांचं गोल कडं, एवढाच तो रेणू. पण परवाना मिळाला तेव्हाही बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर कुणाजवळ नव्हतं. औषध बाजारात, रुग्ण जगताहेत, आणि ते कुणाला धरतं हे ठाऊक नाही! हे वाचल्यावर माझी शरम थोडी कमी झाली, खोटं कशाला बोलू.

उत्तर १९८४ मध्ये आलं. एकदा नाही, दोनदा आलं, आणि दोन्ही उत्तरं एकच आहेत हे कळायला आणखी पाच वर्षं लागली. अमेरिकेत येल विद्यापीठात हँडशूमाखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुरांच्या थायमस ग्रंथीमधल्या पेशींतून एक प्रथिन वेगळं काढलं. ते सायक्लोस्पोरिनला घट्ट धरून बसायचं, म्हणून नाव दिलं सायक्लोफिलिन, सायक्लोस्पोरिनवर प्रेम करणारं. त्याच वर्षी लोखंडी पडद्याच्या पलीकडे, पूर्व जर्मनीतल्या हाले गावात गुंटर फिशर यांनी डुकराच्या मूत्रपिंडातून एक विकर (एन्झाइम) शोधलं, जे प्रथिनाच्या साखळीतली एक अवघड गाठ झटकन फिरवायचं. १९८९ मध्ये फिशर यांचा गट आणि एक जपानी गट, दोघांचे लेख एकाच नियतकालिकात पाठोपाठ आले: येलचं प्रथिन आणि हालेचं विकर म्हणजे एकच वस्तू. माणसाच्या मूत्रपिंडाला वाचवणारं औषध ज्याला धरतं, ते विकर डुकराच्या मूत्रपिंडात सापडावं, हा योगायोग मी वर्गात कधीच सोडत नाही.

आता ती गाठ. इथे आपल्याला अकरावीचं प्रकरण पुन्हा उघडावं लागतं, आणि माझ्या मते सगळी मौज इथेच आहे.

दोन अमिनो आम्लांमधला पेप्टाइड बंध सहज फिरत नाही, हे आपण शिकवतो. तो जवळजवळ नेहमी ट्रान्स रूपात असतो, दोन बाजूंचे शेजारी एकमेकांच्या विरुद्ध दिशांना. अपवाद प्रोलीनचा. प्रोलीनची बाजूची शेपटी वळून स्वतःच्याच नायट्रोजनला जोडलेली असते. त्यामुळे त्याच्या आधीच्या बंधाला ट्रान्स आणि सिस (दोन्ही शेजारी एकाच बाजूला) यांत फारसा फरक वाटत नाही. घडी घातलेल्या प्रथिनांत प्रोलीनच्या आधीचे शेकडा पाच-सहा बंध सिस असतात. साखळी नवी तयार होताना हा बंध चुकीच्या बाजूला अडकला, तर तो आपसूक सुलटा व्हायला कित्येक सेकंद, कधी मिनिटं लागतात. पेशीच्या हिशेबात मिनिट म्हणजे युग. सायक्लोफिलिन त्या बंधाला पकडतं आणि पिळून फिरवतं.

हे मी बहिणीला मशीनवर बसलेली असतानाच सांगितलं. ऐकता ऐकता ती म्हणाली, “म्हणजे बाहीला पीळ पडतो तसं. एक बाही पिळली की अख्खा ब्लाउज चढत नाही.” मी म्हटलं, हो. “मग आम्ही उसवतो.” मी म्हटलं, तोच तर फरक. सायक्लोफिलिन उसवत नाही. टाका तसाच ठेवून पीळ काढतं. ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, “असं कुणी माझ्याकडे कामाला असतं तर!” प्रथिनांच्या घडीबद्दल याहून नेमकं वाक्य मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही. बंध न तोडता रूप बदलणारं विकर, म्हणजे आयसोमरेज. व्याख्या संपली.

माणसात या घराण्याची १७ प्रथिनं मोजतात. थोरला सायक्लोफिलिन ए. १६५ अमिनो आम्लांचा, आणि पेशीद्रवातल्या सगळ्या प्रथिनांपैकी ०.१ ते ०.४ टक्के तो एकटाच भरतो. हजारो जातींच्या प्रथिनांच्या गर्दीत हा वाटा फार मोठा.

मग सायक्लोस्पोरिन याला धरून बंद पाडतं आणि म्हणून प्रतिकारशक्ती दबते, असं आपल्याला वाटेल. मलाही वाटलं होतं, आणि मी ते दोन वर्षं वर्गात ठोकूनही दिलं. ते चूक आहे. ज्या उंदरांत सायक्लोफिलिन ए चं जनुकच काढून टाकलं, ते जन्मतात, जगतात, आणि त्यांची प्रतिकारशक्ती दबलेली नसते. उलट त्यांच्यावर सायक्लोस्पोरिनचा तो परिणाम होईनासा होतो! यीस्टमध्ये तर ८ सायक्लोफिलिनं आणि दुसऱ्या एका घराण्याची ४ अशी बाराच्या बारा जनुकं एकदम काढून पाहिली. यीस्ट जगलं.

खरी गोष्ट १९९१ मध्ये हार्वर्डला स्टुअर्ट श्रायबर यांच्या प्रयोगशाळेतून आलेल्या कामानं उलगडली. सायक्लोस्पोरिन आधी सायक्लोफिलिनला चिकटतं. मग ही जोडगोळी मिळून तिसऱ्याच प्रथिनावर जाऊन बसते. त्याचं नाव कॅल्सिन्यूरिन. एकट्या औषधाला ते जमत नाही, एकट्या सायक्लोफिलिनलाही नाही. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून गोळी झाडणं म्हणतो ते हेच. परक्या मूत्रपिंडाची चाहूल लागली, की टी-पेशीत, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या सैनिक पेशीत, कॅल्शियम वाढतं. त्यानं जागं झालेलं कॅल्सिन्यूरिन एनफॅट नावाच्या निरोप्याच्या अंगावरचे फॉस्फेट उतरवतं, निरोप्या केंद्रकात शिरतो, फौजेला वाढायचा हुकूम देणाऱ्या इंटरल्यूकिन-२ चं जनुक चालू होतं आणि टी-पेशींची फौज वाढू लागते. जोडगोळी कॅल्सिन्यूरिनच्या दारात बसली, की निरोप्या बाहेरच राहतो. आईचं मूत्रपिंड लेकीच्या पोटात टिकतं.

म्हणजे बहिणीच्या “कुणाला धरते?” याचं उत्तर दोन पायऱ्यांचं होतं. धरते एकाला, अडवते दुसऱ्याला.

आज प्रत्यारोपण झालेल्या बहुतेकांना सायक्लोस्पोरिनऐवजी टॅक्रोलिमस हे औषध मिळतं. तेही मातीतलंच, जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसचं, आणि गंमत म्हणजे १९८४ चंच. ते सायक्लोफिलिनला हातही लावत नाही. एफकेबीपी नावाच्या दुसऱ्या घराण्यातल्या प्रथिनाला धरतं. हे घराणंही प्रोलीनच फिरवतं. आणि ही दुसरी जोडगोळी जाऊन बसते ती त्याच कॅल्सिन्यूरिनवर. दोन बुरशा असत्या तर एकमेकींची नक्कल म्हटलं असतं. इथे एक बुरशी, एक जिवाणू, आणि डाव एकच. उत्क्रांतीच्या तासाला मी डार्विनच्या चिमण्यांआधी हे सांगतो.

आता मूळ तक्रारीकडे येतो. तक्रार आपल्याविरुद्ध नाही, आपल्या सगळ्यांच्या ट्रायसिकलविरुद्ध आहे.

प्रत्यारोपणाला काही वर्षं झाल्यावर बहिणीला खोकला धरला. गावातल्या एका दवाखान्यात गेली. फाइल दाखवली. डॉक्टरांनी ती पाहिली असं ती म्हणते, आणि क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिलं. चार-पाच दिवसांत तिचे हात कापायला लागले. मला फोन आला तो तापाबद्दल नव्हता, खोकल्याबद्दल नव्हता. “दादा, सुईत दोरा ओवता येईना.” शहरात नेऊन सकाळच्या कॅप्सूलआधीचं रक्त तपासलं, तर औषधाची लेव्हल नेहमीच्या दुपटीच्या वर, आणि क्रिएटिनिन चढलेलं, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं. सायक्लोस्पोरिन जास्त झालं तर ते मूत्रपिंडाच्याच रक्तवाहिन्या आवळतं. ज्याला वाचवायचं त्यालाच इजा. मात्रा कमी केली, अँटिबायोटिक बदललं, थोडक्यात निभावलं.

कारण असं, की सायक्लोस्पोरिन मोडीत काढण्याचं काम यकृतातलं आणि आतड्यातलं सीवायपी-३ए-४ हे विकर करतं. क्लॅरिथ्रोमायसिन त्या विकराला बांधून ठेवतं. औषध मोडत नाही, साचत जातं. याच्या उलट क्षयाचं रिफॅम्पिसिन. ते या विकराचा जोर इतका वाढवतं, की सायक्लोस्पोरिन रक्तात टिकतच नाही आणि शरीर मूत्रपिंड नाकारू लागतं. आपल्या देशात प्रत्यारोपण आणि क्षय एकाच माणसात भेटणं काही दुर्मीळ नाही, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. ग्रेपफ्रूट टाळा असं औषधाच्या पत्रकावर छापलेलं असतं. ग्रेपफ्रूट आपल्याकडे कोण खातो? पण ग्रेपफ्रूट हा पपनस आणि संत्र्याचा संकर, आणि पपनसाच्या रसानंही लेव्हल चढते. कोकणातल्या आणि गोव्यातल्या परसात पपनस असतं. हे पत्रकावर नसतं.

याच खोडीचा आपल्याकडच्या डॉक्टरांनी उपयोगही करून घेतलाय. त्याच विकराला अडवणारं कीटोकोनॅझोल किंवा डिल्टियाझेम मुद्दाम सोबत द्यायचं, म्हणजे महागडं सायक्लोस्पोरिन कमी मात्रेत पुरतं आणि गरीब रुग्णाचे पैसे वाचतात. लक्ष ठेवणारा डॉक्टर असेल तर हीच गोष्ट वरदान, नसेल तर हातांची थरथर.

(जाता जाता: सायक्लोफिलिनलाही ‘सिप’ म्हणतात आणि यकृतातल्या या विकरांच्या कुळालाही ‘सिप’ म्हणतात. दोघांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. एका औषधाला दोन वेगळे ‘सिप’ भेटतात, एक त्याला कामाला लावणारा, एक त्याला मोडीत काढणारा. पोरं इथे हमखास घोळ घालतात. मीही घातला होता.)

त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचा मला राग आला, तो आठवडाभर टिकला. मग मनात आलं, की हेही कधीतरी कुठल्यातरी आपल्यासारख्याच वर्गात बसले असतील. त्यांनीही सायक्लोस्पोरिनसमोर ट्रायकोडर्मा अशी रेघ ओढली असेल आणि त्यांना पूर्ण गुण मिळाले असतील. मेडिकलला फार्माकॉलॉजी शिकवतातच, तिथे हे सगळं येतं, हे मला ठाऊक आहे. पण कुठली गोष्ट ‘पाठ करायची’ आणि कुठली ‘विचारायची’, ही सवय सतराव्या वर्षी लागते, आणि ती आपण लावतो.

आपण म्हणाल, अभ्यासक्रमात नाही ते शिकवायला वेळ कुठून आणायचा. रास्त आहे. ७२० पैकी ३६० गुण आपल्या विषयाचे, वर्ग भरलेला, पालक फोनवर. पण मी जास्तीचं काही मागत नाहीये. हे एक प्रथिन आपण तसंही शिकवतो त्या निम्म्या प्रकरणांत येतं, फक्त आपण त्याचं नाव घेत नाही.

एड्सचं प्रकरण घ्या. एचआयव्हीच्या कवचावर एक वळसा बाहेर आलेला असतो. त्यातल्या ग्लायसीन आणि प्रोलीनच्या जोडीला आपल्याच पेशीतलं सायक्लोफिलिन ए जाऊन मिठी मारतं. १९९३ मध्ये हे जेरेमी लुबान आणि स्टीफन गॉफ यांच्या गटानं शोधलं. आपल्या पेशीत विषाणूंना पकडणारा ट्रिम-५ नावाचा पहारेकरी असतो. विषाणू सायक्लोफिलिनची चादर पांघरून त्याच्या नजरेतून निसटतो. घरच्याच माणसाच्या आडोशानं चोर आत येतो म्हणा ना. आणि मग २००४ मध्ये कळलेली गोष्ट सांगा. दक्षिण अमेरिकेत घुबडमाकड नावाचं निशाचर माकड आहे. त्याच्या पूर्वजात कधीतरी सायक्लोफिलिन ए च्या जनुकाची एक नक्कल उडी मारून नेमकी ट्रिम-५ च्या जनुकात जाऊन पडली. पहारेकऱ्याच्या हातालाच सायक्लोफिलिन चिकटलं. आता विषाणूचा वळसा सवयीनं सायक्लोफिलिनला मिठी मारायला जातो आणि थेट पहारेकऱ्याच्या तावडीत सापडतो. या माकडाच्या पेशींत एचआयव्ही शिरला तरी रुजू शकत नाही. जनुकांच्या उड्या, उत्क्रांती, विषाणू, प्रतिकारशक्ती, एका माकडात चार प्रकरणं. हे सांगताना माझ्या वर्गात कुणी घड्याळाकडे पाहिलेलं मला आठवत नाही.

हाडांचं घ्या. हाडांना बळकटी देणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनात प्रोलीन खच्चून भरलेलं. त्याची तीन पदरी वेणी घालायला सायक्लोफिलिन बी लागतं, तेही आणखी दोन प्रथिनांच्या सोबतीनं. त्याच्या जनुकात दोन्ही बाजूंनी बिघाड आला, तर बाळ ठिसूळ हाडांचं जन्मतं. आजाराचं नाव ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा, आणि त्याचा हा प्रकार २००९-१० मध्ये ओळखला गेला. तो अप्रभावी पद्धतीनं उतरतो. मामाच्या किंवा आत्याच्या घरात सोयरीक करणारी कुटुंबं आपल्या वर्गातही असतात, तेव्हा वंशावळीचा तक्ता शिकवताना हे उदाहरण सांभाळून, पण जरूर घ्या. याच जनुकातला एक वेगळा बदल अमेरिकेतल्या क्वार्टर हॉर्स जातीच्या घोड्यांत सापडला. शिंगरू चांगलं दिसतं. दोनेक वर्षांचं झाल्यावर पाठीवर खोगीर चढतं, आणि खोगिराखालची कातडी सुटून फाटते. एका नामांकित घोड्याचं रक्त पसंत पडलं, म्हणून त्याचीच पैदास वाढवत नेली, त्याचं हे फळ. आपण ‘इनब्रीडिंग डिप्रेशन’ शिकवतो तेव्हा याहून बोलकं चित्र कुठून आणणार?

हृदयाचंही घ्या, आणि ते मी मुद्दाम लांबवणार आहे, कारण त्याचा शेवट गोड नाही. तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात) सायक्लोफिलिन डी राहतं. हृदयविकाराच्या झटक्यात अडलेली रक्तवाहिनी डॉक्टर उघडतात. रक्त परत येतं ते जीव वाचवायला, पण त्या लोंढ्यानंच काही पेशी मरतात. कॅल्शियम तुंबतं, सायक्लोफिलिन डी तंतुकणिकेच्या आवरणात एक भगदाड उघडायला मदत करतं, आणि पेशीचं वीजघर बंद पडतं. २००५ मध्ये वेगवेगळ्या गटांनी दाखवलं, की हे प्रथिन नसलेल्या उंदरांत अशी इजा कमी होते. सायक्लोस्पोरिन या डी लाही धरतं, म्हणजे औषध तर तयारच आहे! २००८ मध्ये फ्रान्समध्ये ५८ रुग्णांची चाचणी झाली, त्यातल्या साधारण निम्म्यांना रक्तवाहिनी उघडण्याच्या वेळी ते टोचलं. हृदयाचं नुकसान कमी दिसलं. सगळ्यांच्या आशा उंचावल्या. मग ९७० रुग्णांवर मोठी चाचणी झाली, तिचा निकाल २०१५ मध्ये आला. काहीही फरक नाही. औषध घेतलेले आणि न घेतलेले सारखेच. उंदरात पटलेली, लहान चाचणीत दिसलेली, तर्काला धरून असलेली गोष्ट माणसात उभी राहिली नाही. पुस्तकात फक्त जिंकलेले प्रयोग छापतात. हा हरलेला प्रयोग वर्गात सांगितला, तर ‘कंट्रोल ग्रुप’ कशाला हवा हे वेगळं समजवावं लागत नाही.

बाकी भराभर. हिपॅटायटिस सी चा विषाणूही सायक्लोफिलिन ए वर अवलंबून असतो. कॅल्सिन्यूरिनला न छेडता फक्त सायक्लोफिलिनला धरणारं अलिस्पोरिव्हिर नावाचं औषध त्यासाठी शेवटच्या टप्प्यापर्यंत गेलं होतं. २०१२ मध्ये काही रुग्णांना स्वादुपिंडाचा दाह झाला, एक दगावला, चाचणी थांबली, आणि तेवढ्यात विषाणूवर थेट घाव घालणारी औषधं आली. संधिवातात सूज आलेल्या सांध्यातल्या पाण्यात सायक्लोफिलिन ए पेशीबाहेर सांडलेलं आढळतं. तिथे ते घडी घालत नाही, सीडी-१४७ या ग्राहीला चिथावून आणखी पांढऱ्या पेशी बोलावून घेतं. आत सेवक, बाहेर चिथावणीखोर. अनेक गाठींमध्येही त्याचं प्रमाण वाढलेलं दिसतं, पण त्यावर मी वर्गात बोलत नाही. कॅन्सर म्हटलं की पोरं प्रमाणापेक्षा जास्त ऐकतात.

मागणी एवढीच आहे. वर्षातून एक तास. ज्या दिवशी ती ट्रायसिकल फळ्यावर काढाल, त्या दिवशी तिसऱ्या चाकावर ‘सायक्लोफिलिन’ लिहा आणि ते काय फिरवतं ते सांगा. प्रश्नपत्रिका काढणारे जे आपल्यात आहेत, त्यांनी सराव परीक्षेत जोडी लावायला देण्याऐवजी एकदा असं विचारून पाहावं: सायक्लोफिलिन ए चं जनुक काढलेल्या उंदराला सायक्लोस्पोरिन दिलं तर प्रतिकारशक्तीचं काय होईल, आणि का? माझ्या वर्गात पहिल्या वर्षी साठातल्या चार जणांनी बरोबर लिहिलं. त्यातल्या दोघी एरवी चाचणीत तळाला असायच्या.

मॉडेल माझ्याकडे तयार आहे. बहिणीनंच करून दिलं. अस्तराच्या वीतभर लांबीच्या सात पट्ट्या एकापुढे एक जोडल्यात. सगळे जोड दुहेरी शिलाईचे, ओढले तरी हलत नाहीत. एकच जोड टिचबटणाचा, तो प्रोलीन. तेवढाच फिरतो, आणि तो फिरवला की पुढची सगळी पट्टी दिशा बदलते. टिचबटण तिनं स्वतः बसवलंय, सुईत दोरा स्वतः ओवून. पट्टी माझ्या टेबलाच्या डाव्या खणात असते. ज्यांना हवी त्यांनी न्यावी, आठवड्यात परत आणावी, आणि पोरांना ओढू देताना जरा लक्ष ठेवावं. मागच्या वेळी एकानं टिचबटणच तोडून आणलं होतं, आणि ती मला अजून त्यावरून बोलते.

आपला,
एक सहकारी
लातूर